पळता माणूस, थांबलेला फोटो: बारा फोटोंच्या कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी

भाचीने काम आणलंय. तिच्या धावण्याच्या गटाच्या सरावाचे १२ फोटो हवेत आणि ते तीन ठिकाणी जाणार आहेत: भिंतीवर ए३ आकारात छापून, हॉलमधल्या मोठ्या स्क्रीनवर, आणि गटातल्या सगळ्यांच्या फोनवर. कॅमेरा माझा, फोटो ती काढणार. आजवर तिने फोनवरच फोटो काढलेत, तेही बसलेल्या नाहीतर उभ्या माणसांचे. मी शेजारी उभं राहायचं आणि रात्री नोंद लिहायची, असं ठरलं.

निघताना ती म्हणाली, "मामा, आधी फोटो तर काढू. लहान-मोठे नंतर करता येतील." मी हो म्हणालो.

३ फेब्रुवारी

संध्याकाळी पाच ते सहा. कॅमेरा ऑटोवर. एकूण २१२ फोटो. मैदानावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले तेव्हा दोघंही खूश होतो. घरी संगणकावर पूर्ण आकारात उघडले आणि तिचा चेहरा पडला. २१२ पैकी आठ बरे, आणि त्या आठांतही पळणारं कुणी नव्हतं. कुणी बुटाची नाडी बांधत होतं, कुणी पाणी पीत होतं.

"मैदानावर तर छान दिसत होते. घरी येईपर्यंत काय झालं?" तिचा प्रश्न रास्त आहे, आणि मी निघताना जे सोडून दिलं होतं तिथेच तो येऊन पोचतो. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा. मागचा पडदा साधारण १० लाख ठिपक्यांचा. लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके मिळून एक पिक्सेल होतो, त्यामुळे प्रत्यक्षात तिथे ७२० × ४८० पिक्सेलच असतात. मैदानावर आम्ही जे पाहिलं ते आठपटीहून जास्त लहान केलेले फोटो होते. फोटो लहान झाला की त्यातलं हललेपणही लहान होतं. घरी फोटो बिघडले नाहीत, घरी ते पहिल्यांदा मोठे दिसले.

पुढच्या वेळेपासून नियम: पहिल्या दहा फोटोंनंतर थांबायचं, मागच्या पडद्यावर पूर्ण झूम करून चेहरा आणि बूट पाहायचे, मगच पुढे जायचं.

४ फेब्रुवारी

आज कॅमेरा कपाटात. टेप, स्टॉपवॉच आणि कागद. कालच्या फोटोंत नेमकं किती हललं हे मोजायचं ठरवलं. 'शटरचा वेग वाढव, म्हणजे प्रकाश आत घ्यायचा वेळ कमी कर' एवढं सांगून भागलं असतं, पण आकडा एकदा स्वतः काढला की तो डोक्यात राहतो.

सरावात मुलं ५० मीटर साधारण १० सेकंदांत धावत होती. म्हणजे सेकंदाला ५ मीटर. कालच्या फोटोंच्या चौकटीत आडवं सुमारे ५ मीटर मैदान मावत होतं. ५ मीटर म्हणजे ६००० पिक्सेल. पुढचं गणित तिनेच केलं. कालचा शटर १/८० सेकंदाचा (प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये ही नोंद असते, 'एक्झिफ' म्हणतात तिला). तेवढ्या वेळात धावणारा सव्वासहा सेंटिमीटर पुढे सरकतो. फोटोत ते ७५ पिक्सेल. एवढ्या रुंदीचा पट्टा फासल्यावर डोळा, नाक, छातीवरचा नंबर, काहीच जागेवर राहत नाही.

शटर १/२५० केला तर २ सेंटिमीटर, म्हणजे २४ पिक्सेल. १/१००० केला तर अर्धा सेंटिमीटर, ६ पिक्सेल.

मग तिने स्वतःहून तीन रकाने आखले: भिंत, स्क्रीन, फोन. स्क्रीन १९२० पिक्सेल रुंद, म्हणजे फोटो तिपटीहून थोडा जास्त लहान होणार. ७५ चे २४ होतात, २४ चे जवळपास ८, आणि ६ चे फक्त २. दोन पिक्सेलचा हिसका स्क्रीनवर कुणाला कळणार नाही. आठ जाणवतील, पण ते सरळ आडव्या धावण्यातला वेग म्हणून खपून जातील. चोवीस चालणारच नाहीत. भिंतीवरची छपाई जवळपास पूर्ण आकाराची, तिथे फारशी सूट नाही.

कागदाकडे बघत ती म्हणाली, "म्हणजे फोटो किती मोठा लावायचा हे आधी ठरवलं तर शटर किती ठेवायचा ते कळतं." परवा मी तिला हो म्हणालो होतो, ते चुकलं होतं. फोटो काढणं आणि त्याचा आकार ठरवणं ही दोन टोकांची कामं नाहीत. हा कागद कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवलाय.

त्याखाली दोन गोष्टी मी लिहिल्या. एक, धावणारा आडवा जात असेल तेव्हाच हा हिशोब पूर्ण लागू. तो सरळ आपल्याकडे येत असेल तर चौकटीत फार कमी सरकतो, तिरका येत असेल तर मधलं काहीतरी. प्रकाश कमी असेल तेव्हा वाटेच्या टोकाला उभं राहायचं. दोन, झूम करून चौकटीत अडीच मीटरच मैदान घेतलं तर तोच माणूस तेवढ्याच वेळात दुप्पट पिक्सेल ओलांडतो. जवळून काढायचं तर शटरही तितकाच जलद हवा.

७ फेब्रुवारी

दुसरी फेरी. डायल शटर प्रायॉरिटीवर, म्हणजे शटर आपण ठरवायचा, बाकी कॅमेरा बघतो (काही कॅमेऱ्यांवर तिथे 'एस' असतं, काहींवर 'टीव्ही'). शटर १/१०००, आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील, त्याचा आकडा) ऑटो. फोकस सतत पाठलाग करणारा, म्हणजे एएफ-सी. काही कॅमेऱ्यांत त्यालाच एआय सर्व्हो म्हणतात. साध्या एकवेळच्या फोकसमध्ये बटण अर्धं दाबल्यावर कॅमेरा अंतर पक्कं करून बसतो आणि धावणारा त्या अंतराच्या पुढे निघून जातो. पाठलागाच्या फोकसमध्ये बटण अर्धं दाबलेलं असेपर्यंत कॅमेरा अंतर बदलत राहतो. तिला आधी हे जमेना. ती माणूस जवळ आला की घाईने बटण पूर्ण दाबायची. तो वीस मीटरवर असतानाच अर्धं दाबून धर आणि कॅमेरा त्याच्याबरोबर फिरव, असं दहा-बारा वेळा केल्यावर बोटाला कळलं.

फोटो बघण्यासारखे आलेत. एक मुद्दाम लिहून ठेवतो. प्रकाश जाताना तिने शटर थोडा वेळ १/२५० वर आणला होता, तेव्हाचा आहे. मुलीचा डावा पाय जमिनीवर टेकलेला. त्या बुटाची नाडी, नाडीची गाठ, तळव्याखाली उडालेली माती, सगळं स्पष्ट. उजवा पाय हवेत पुढे येतोय, त्या बुटाच्या जागी नुसता पांढरा फराटा. बूट तेच, शटर तोच. टेकलेला पाय त्या क्षणी जमिनीवर थांबलेला असतो, आणि हवेतला पाय तेवढ्यात पुढे पोचायचा म्हणून अंगाच्या वेगाहून खूप जास्त वेगाने येतो. सेकंदाला ५ मीटर हा वेग धडाचा, पायांचा नाही. मला हा फोटो फार आवडला. तिला नाही, तिला दोन्ही बूट हवेत.

८ फेब्रुवारी

सकाळी तिचा फोन. "मामा, फोटो हलले नाहीत, पण वाळू फासल्यासारखे दिसताहेत. चेहऱ्यावर दाणे दाणे."

खरं आहे. पहिल्या दिवशी त्याच उजेडात १/८० ला आयएसओ ४०० पुरला होता. १/१००० म्हणजे प्रकाश साडेबारापट कमी, म्हणून आयएसओ थेट ५००० वर गेला. नवशिका इथेच घाबरतो आणि पुढच्या वेळी आयएसओ उतरवतो. मग शटर मंद करावा लागतो आणि फोटो पुन्हा हलतात.

मी तिला एकच प्रयोग करायला सांगितला. दाण्यांचा फोटो घे, ६००० वरून १५०० पिक्सेल रुंद कर आणि पूर्ण आकारात बघ. अर्ध्या तासाने संदेश: "दाणे कुठे गेले?"

चारपट लहान करताना उभे चार आणि आडवे चार, असे १६ पिक्सेल मिळून एक होतो. दाणे हे शेजाऱ्याशी संबंध नसलेले चढउतार: एक पिक्सेल थोडा जास्त उजळ, शेजारचा थोडा काळा. सोळांची सरासरी काढली की ते एकमेकांना मारतात आणि सुमारे चौथा हिस्सा उरतो. हललेला फोटो मात्र असा सुधरत नाही, कारण तिथे सगळे पिक्सेल एकाच दिशेला फासलेले असतात. ७५ पिक्सेलचा फराटा चारपट लहान केला तरी १९ उरतो, आणि १५०० च्या फोटोत १९ म्हणजे नाक गालावर.

तेव्हा आमच्या कामापुरता निकाल लागला. दाणे चालतील, हिसका चालणार नाही. आयएसओची वरची मर्यादा ६४०० लावून दिली. भिंतीवर जाणारे फोटो भर उजेडातल्या फेरीतूनच निवडायचे.

११ फेब्रुवारी

उड्या आणि झोका. हा दिवस मी राखून ठेवला होता. जलद शटर नसतानाही पळता क्षण पकडता येतो, हे तिने डोळ्यांनी पाहावं म्हणून.

वर फेकलेली कोणतीही वस्तू सर्वांत उंच जागी पोचते तेव्हा क्षणभर वर-खाली हलत नाही. त्या शिखराच्या आधीचा आणि नंतरचा दहावा हिस्सा सेकंद धरला, तरी तेवढ्यात उंचीत जेमतेम ५ सेंटिमीटरचा फरक पडतो. झोक्याचंही तेच, दोन्ही टोकांना तो थांबतो आणि मधे सर्वांत जोरात जातो. आम्ही मुद्दाम १/१२५ ठेवला. टोकावरचे फोटो स्वच्छ, झोक्याच्या साखळीची कडी न् कडी मोजता येते. मधले सगळे वाया.

अडचण बोटाची. तिला शिखर दिसायचं आणि मग ती बटण दाबायची, तोवर मुलगा खाली. बर्स्ट, म्हणजे बटण दाबून धरलं की एकामागोमाग फोटो, लावून बघितलं. आमचा कॅमेरा सेकंदाला १० फोटो घेतो. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण दोन फोटोंच्या मधे दहावा हिस्सा सेकंद रिकामा जातो, आणि तेवढ्यात सेकंदाला ५ मीटर धावणारा अर्धा मीटर पुढे निघून जातो. हवा तो क्षण त्या फटीत पडू शकतो. म्हणून ताल ऐकायचा, पावलं मनात मोजायची आणि शिखराच्या किंचित आधी दाबायला सुरुवात करायची. तिने धावताना 'एक-दोन, एक-दोन' मोजलेलं आहे, त्यामुळे तिला हे माझ्यापेक्षा लवकर जमलं.

घरी येताना छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजची गोष्ट सांगितली. १८७८ साली कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोला त्याने धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने लावले, वाटेवर दोरे ताणले, घोडा दौडत गेला तसा एकेक दोरा तुटून एकेक कॅमेरा चालला. चौखूर दौडताना घोड्याचे चारही पाय एकदम हवेत असतात, हे त्यात दिसलं. आणि ते चित्रकार दाखवत तसे पुढे-मागे ताणलेले असताना नाही, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. ती लगेच म्हणाली, "मग आमचेही दोन्ही पाय हवेत असतातच की. चालणं आणि धावणं यात तोच तर फरक." बारातला एक फोटो तसाच हवा, असं तिने ठरवून टाकलं.

१४ फेब्रुवारी

पॅनिंग. गटातली दोन मुलं सायकलवर सराव करतात, त्यांच्यासाठी. इथे सगळं उलटं: शटर मंद, १/३०. माणूस स्थिर आणि मागचं सगळं वाहून गेलेलं हवं. पाय खांद्याइतके फाकवून, जिथे फोटो घ्यायचा त्या दिशेला पाय रोखून उभं राहायचं. कमरेतून मागे वळून सायकलला चौकटीत धरायचं आणि तिच्याच वेगाने सोबत फिरायचं. बटण हळू दाबायचं आणि दाबल्यावरही फिरणं थांबवायचं नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं. आवाज झाला की हात थबकतो.

चाळीस फोटोंत तीन आले. पॅनिंगला हा हिशोब वाईट नाही, तिला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून ती नाराज झाली नाही.

एक गोंधळ झाला. मधेच काही फोटोंत मागचे विजेचे खांब सगळे एका बाजूला कललेले. तिने आवाज नको म्हणून मूक शटर चालू केला होता. त्यात शटरचा पडदा हलत नाही, प्रकाश टिपणारा सेन्सर वरून खाली ओळीमागून ओळ वाचला जातो. वरची ओळ वाचून खालच्या ओळीपर्यंत येईतो कॅमेरा वळलेला असतो, आणि उभा खांब तिरपा होतो. यावर नंतर इलाज करण्यात अर्थ नाही. हलत्या गोष्टींसाठी यांत्रिक शटर.

१५ फेब्रुवारी

आजपासून संगणकावर. सायकलच्या फोटोने पहिलाच धडा दिला. १/१००० ला काढलेला होता, चाकाच्या आऱ्या (स्पोक) तारेसारख्या बारीक आणि स्पष्ट. तिने तो १६०० पिक्सेलला लहान केला आणि आऱ्यांच्या जागी पायऱ्या-पायऱ्या दिसू लागल्या, काही आऱ्या तर मधेच तुटलेल्या. मूळ फोटोत सगळं धड.

ती वापरत होती त्या प्रोग्रॅममध्ये लहान करण्याची पद्धत निवडता येते आणि तिथे 'नीअरेस्ट' निवडलेलं होतं. ही पद्धत सरासरी काढत नाही. जवळचा एक पिक्सेल उचलते आणि बाकीचे टाकून देते. बारीक आरी टाकलेल्या पिक्सेलांत गेली की संपली. 'बायक्युबिक' किंवा 'लँक्झॉस' निवडलं तर आजूबाजूचे पिक्सेल हिशोबात घेऊन नवा पिक्सेल बनतो. लँक्झॉसने पुन्हा केलं, आऱ्या परत आल्या. ८ तारखेला दाणे गेले तेही सरासरीमुळेच, हे तिच्या आपोआप लक्षात आलं.

लहान केल्यावर फोटो जरासा मऊ होतो. म्हणून शार्पन शेवटी करायचं, लहान केल्यानंतर, आणि हलकंच. आधी केलेलं शार्पन लहान करताना बरंचसं वाया जातं.

१७ फेब्रुवारी

वाईट दिवस. पॅनिंगचे जे तीन फोटो आले होते त्यांतला सर्वांत चांगला १०८० पिक्सेलला लहान केला आणि त्याच नावाने, त्याच जागी सेव्ह केला. मूळ गेला. हे तिच्या हातून नाही, माझ्या हातून झालं. कार्ड सकाळीच मोकळं केलं होतं. १०८० चा फोटो पुन्हा ६००० करता येतो, पण प्रोग्रॅम मधले पिक्सेल अंदाजाने भरतो. फेकलेली माहिती त्याला कुठून मिळणार? भिंतीवर तो फोटो फुटणार.

मला फार लागलं. तिची मेहनत होती ती. ती म्हणाली, "असू दे मामा, परत काढते." 

आजपासून चार फोल्डर: 'मूळ', 'भिंत', 'स्क्रीन', 'फोन'. 'मूळ'मध्ये काहीही सेव्ह करायचं नाही, त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर. फाइलच्या नावात रुंदी घालायची. आणि पूर्ण काम होईपर्यंत कार्ड मोकळं करायचं नाही.

१९ फेब्रुवारी

सायकलवाल्यांनी पुन्हा वेळ दिला. पन्नास फोटोंत पाच. गेलेल्यापेक्षा एक सरस आहे.

क्रॉप. मूळ फोटो ३:२, स्क्रीन १६:९. दोन पर्याय: पूर्ण फोटो बसवला तर तो १६२० × १०८० होतो आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. स्क्रीन भरायची तर ४००० च्या उंचीतले ६२५ पिक्सेल कापावे लागतात. धावणाऱ्याचे पाय किंवा डोकं कडेला टेकलेलं असेल तर कापायला जागाच नसते. आमच्या दोन फोटोंत नव्हती, ते पट्ट्यांसकट जातील. रुंदी आणि उंची वेगवेगळी टाकून ताणायचा मोह तिला झाला होता. एकदा करून दाखवला, पळणारी मुलगी रुंद आणि बुटकी झाली, विषय संपला. रुंदी-उंचीची साखळी कायम जोडलेली ठेवायची.

धावणाऱ्याच्या पुढे मोकळी जागा सोडायची, मागे कमी चालते. आणि आधी क्रॉप, मग रिसाइज.

भिंतीसाठी: ए३ कागद ४२० × २९७ मिलिमीटर. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ४९६१ × ३५०८ लागतात. आमचा पूर्ण फोटो तेवढं देतो, पण क्रॉप करून ३४०० रुंद उरलेला फोटो इंचाला साधारण २०५ देतो. भिंतीवरचा फोटो कुणी नाकाला लावून बघत नाही, २०० च्या पुढे मी समाधानी आहे. मात्र क्रॉप म्हणजे झूमच, हिसकाही तेवढाच मोठा दिसतो. म्हणून क्रॉप केलेला फोटो १/१००० किंवा त्याहून जलद शटरचाच घ्यायचा. फाइलमध्ये '७२' च्या जागी '३००' असा आकडा लिहिल्याने काहीच बदलत नाही, पिक्सेल तेवढेच राहतात. छपाईवाल्याने आकडा मागितला तर लिहायचा, इतकंच.

२१ फेब्रुवारी

फोनसाठी: लांब बाजू १६००, जेपेग, क्वालिटी ८०. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकातली बारीक माहिती थोडी थोडी टाकतो. एकदा केलं तर कळत नाही. तोच फोटो उघडून बदलून पुन्हा सेव्ह, पुन्हा बदल, पुन्हा सेव्ह असं केलं की आकाशावर, डोक्याच्या कडेभोवती चौकोन उमटू लागतात. म्हणून प्रत्येक आकार थेट 'मूळ'वरून बनवला, स्क्रीनच्या प्रतीवरून फोनची प्रत नाही. मेसेजिंग ॲप पाठवताना स्वतःही फोटो दाबून लहान करतं, ते टाळायला फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे. रंग एसआरजीबीमध्ये (बहुतेक पडद्यांना कळणारी रंगांची पद्धत), नाहीतर काही पडद्यांवर कपड्यांचे रंग फिके पडतात. फोटोत जागेची नोंद असेल तर तीही फोनच्या प्रतींतून काढून टाकली, लहान मुलं आहेत त्यात.

२४ फेब्रुवारी

छपाई आली. ए३ चे ११ फोटो जमिनीवर पसरून पाहिले. दोन्ही पाय हवेत असलेला फोटो ४ तारखेच्या कागदाची परीक्षा होती: शटर १/१६००, भर दुपारचा उजेड. छातीवरच्या नंबरचा टाका हातभर अंतरावरून दिसतो.

बारावा छापला नाही. तो १/२५० चा, एक बूट स्पष्ट आणि एक फराटा झालेला. ती शेवटपर्यंत नको म्हणत होती. काल रात्री फोनवर पाठवलेल्या प्रती बघताना तिला तो एकदम आवडला. १६०० पिक्सेलमध्ये फराटा लहान होऊन पायाचा वेग वाटतो. भिंतीवर मात्र तो नुसता हललेला दिसला असता. तो 'फोन' फोल्डरमध्येच राहील. भिंतीवरची बारावी जागा सायकलला दिली, तिची फाइल आत्ताच छपाईला पाठवली: ५६५७ × ४०००.